घरून आलेलं पाणी

"आमच्या गावचं पाणी सगळ्यायनं पेलं, पाह्यलं कोनीच नाही."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचे विषय ठरत होते तेव्हा प्रणाली महल्ले हे बोलली. बोलताना नेहमीसारखा पंजा तोंडासमोर धरलेला. बाकीच्यांचे विषय मोबाइलवरून उतरवलेले होते. कुणाचा मधातली भेसळ, कुणाचा साबण, कुणाचा थंड पेयांतलं आम्ल. तिचं वाक्य ऐकून वर्ग हसला. धर्माळे सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि गाव कोणतं म्हणून विचारलं.

गाव अकोला जिल्ह्यातलं, पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी, खोल, कापसाला आणि तुरीला उदार. पण त्या जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर पाडा, खारंच. घागरीच्या आत पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, वरण शिजता शिजत नाही. पुढे कधीतरी नळ आले, त्यांना धरणाचं गोडं पाणी येतं, पण आठवड्यातून एखाद्या वेळी, कधी तेही नाही. मग माणसं विहिरीकडे वळतात. त्या विहिरीच्या पाण्यात मिठाशिवाय आणखी एक गोष्ट होती, फ्लोराइड. ती चवीला कळत नाही. ती दातांवर कळते. प्रणालीच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, तिच्या भावाच्याही, शाळेतल्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या. दात असेच असतात, असं ती अकरावीपर्यंत समजत होती. अकरावीला ती अमरावतीला केशरमावशीकडे राहायला आली. तिथे वर्गातल्या मुली तोंड उघडून हसत होत्या. तेव्हापासून तिचा पंजा तोंडासमोर आला.

धर्माळे सर नांदगाव खंडेश्वरचे. शेतकऱ्याच्या घरातले, वडलांच्या बैलगाडीतून कॉलेजला आले असं स्वतः सांगायचे. वर्गात पुस्तकी मराठी, पण माया आली की वऱ्हाडी. त्या दिवशी त्यांनी तिला वऱ्हाडीतच सांगितलं की नुसतं मोजू नको पोरी, मोजनारे लय झाले, काढून दाखव. म्हणजे पाण्यातलं फ्लोराइड. कशानं काढायचं ते तिचं तिलाच सुचलं. कापूस निघून गेल्यावर शेतात उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या. गावात त्या चुलीत जातात नाहीतर बांधावर जळतात. त्यांचा कोळसा करायचा, तो तुरटीच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, काचेच्या नळीत भरायचा आणि वरून पाणी सोडायचं. खाली काय उतरतं ते बघायचं. असे प्रयोग दुसरीकडे झालेत हे सरांना माहीत होतं. तिच्या गावच्या पाण्यावर झाले नव्हते.

जोडीला ईशान होता. वकिलाचा मुलगा, अमरावतीतच वाढलेला, बोलायला मऊ. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिचं नाव खारपाण ठेवलं. ए खारपाण, चहा. ए खारपाण, चावी कुठे आहे. ती चिडायची नाही. मुलगा वाईट नव्हता. तुपाचे रिकामे डबे त्यानंच हॉटेलांतून गोळा करून आणले, स्कूटरवर दोन्ही पायांमध्ये धरून. मावशीच्या घरामागे विटा मांडून, डब्याचं झाकण मातीनं लिंपून दोघांनी पऱ्हाट्या जाळल्या. हवा शिरली की राख, न शिरली की कोळसा. पहिले काही डबे राख झाले. मावशी म्हणाली की लगनाच्या वयात पोरगी डबे जाळून राह्यली, आता एवढंच पाहाचं राह्यलं होतं. मग तिनंच दाखवलं की मातीत थोडा भुसा कालव, झाकण फुटत नाही.

फ्लोराइड मोजायची रीत अशी की पाण्यात एक लाल औषध टाकायचं. फ्लोराइड जितकं जास्त तितका तो लाल रंग विरतो. मग तो रंग यंत्रात धरून वाचायचा. प्रणालीनं गावच्या विहिरीचं पाणी स्वतः आणलं आणि त्यात ते औषध टाकलं, तेव्हा रंग तिच्यासमोर उतरत गेला. ती बराच वेळ ती नळी उजेडाकडे धरून बसली होती, असं ईशान नंतर सांगायचा.

ते लाल औषध महाग आणि कॉलेजकडे थोडं. म्हणून सरांची एक पद्धत होती, आणि ती त्यांची एकट्याची नव्हती, तिथल्या सगळ्याच प्रयोगशाळांत चालायची. कच्चं पाणी, म्हणजे नळीत सोडायच्या आधीचं, एकदाच मोजायचं. तो आकडा धरून ठेवायचा. पुढे दरवेळी फक्त उतरलेलं पाणी मोजायचं आणि त्या पहिल्या आकड्यातून वजा करायचं. विहीर तीच, पाणी तेच, मग रोज रोज काय मोजायचं. यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं.

पहिल्या सत्रात निकाल वाईट आले. कोळसा पहिल्या पेल्याला थोडं धरायचा, मग सोडून द्यायचा. ईशान विषय बदलू म्हणाला. ती नाही म्हणाली. सरांनी कोळसा तुरटीत जास्त दिवस भिजवून पाहायला सांगितलं.

त्याच सुमारास गावी तिच्या भावाच्या, बंडूच्या, सोयरिकीची बोलणी सुरू झाली. इकडे तिच्या परीक्षा. जाणं जमेना. पाणी एस.टी.नं येऊ लागलं. त्या भागात मुलांचे डबे, तूप, लोणचं, कपडे सगळं असंच येतं, ड्रायव्हरच्या मागच्या जागेत, नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून. कौशल्याबाईंनी, तिच्या आईनं, कॅन भरायचा. वडील खुशालरावांनी तो मोटारसायकलला बांधून फाट्यावर गाडीत द्यायचा. अमरावतीच्या स्टँडवर प्रणाली तो उतरवून घ्यायची आणि ऑटोत मांडीवर धरून कॉलेजला न्यायची.

त्या पाण्याचे निकाल आले आणि सगळं पालटलं.

नळीतून उतरलेल्या पाण्यात लाल औषध टाकलं तर रंग हललाच नाही. कुंकवासारखा तसाच राहिला. पुन्हा केलं, तसाच. दुसऱ्या कॅनलाही तसाच. जवळजवळ सगळं फ्लोराइड गेलं होतं. कोळसा जास्त भिजवल्याचा परिणाम म्हणून सरांनी फळ्यावर समीकरण मांडलं. चंचुपात्र वाळल्यावर तळाशी पांढरं कडं उरत नव्हतं, हे प्रणालीनं पाहिलं होतं. कोळशानं खारही धरला असेल असं तिला वाटलं. माणसाला हवं ते घडलं की तो त्याला कारण शोधून देतो. त्या दिवशी ईशाननं पेढे आणले. प्रणालीनं एक पेढा मावशीसाठी कागदात गुंडाळून नेला.

फेब्रुवारीत अकोल्याला विद्यार्थ्यांचं संशोधन संमेलन होतं. सरांनी त्यांचं काम तिथे पाठवलं. बोलला ईशान, कारण तो चांगला बोलतो आणि कारण ती पंजा काढत नाही. पण कल्पना हिची, काम हिचं, असं त्यानं सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट करून सांगितलं, हेही खरं. पहिला नंबर आला. शाल-श्रीफळ सरांना मिळालं. एका संस्थेचे गृहस्थ येऊन भेटले. खारपाणपट्ट्यातल्या शाळांमध्ये या कोळशाचे पिंप बसवू म्हणाले, विहिरीचं पाणी त्यातून गाळून पोरांना देता येईल, जूनपासूनच. सरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

अकोल्याहून गाव जवळ. ती तशीच एस.टी.नं घरी गेली. आईला सांगितलं, वडलांना सांगितलं. बंडूची सोयरीक पक्की झाली होती, कौंडण्यपुराकडची मुलगी, वर्धा नदीच्या काठची. घरात आधीच आनंद होता, त्यात हा मिसळला. सकाळी परत निघताना तिनं कॅन उचलला आणि विहिरीकडे गेली. कॅन बुडवून वर काढला तेव्हा कौशल्याबाई मागून आल्या.

"काहून भरतं व तू? ठेव. मी भरून देतो."

"भरला न आता. हे घे, वर धर."

"हे नको नेऊ."

प्रणालीनं कॅन विहिरीच्या काठावर ठेवला. आई तिच्याकडे बघत नव्हती. प्रणालीनं विचारलं की याच्याआंधी कोनतं पाठोत होतीस. कौशल्याबाईंनी पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते.

"नळाचं. पिंपातलं. गोडं पानी पाठोलं माय, जहर त नाई पाठोलं."

नळ आठवडाभर आला नाही तरी त्या बाईनं घरातल्या पिंपातून तो कॅन भरला होता. घरात पाहुणे येत-जात होते, तरी भरला होता. का, ते तिनं विहिरीवरच सांगितलं. पोरीकडच्यांनी पहिल्या बैठकीत शेतीचं विचारलं नाही, पाण्याचं विचारलं. खाऱ्या पाण्याच्या गावात मुलगी द्यायला लोक मागेपुढे बघतात, त्या गावात अशी कितीतरी पोरं लग्नाची राहिली आहेत. प्रणालीच्या कागदावर गावाचं नाव येणार, नावापुढे तो आकडा येणार, आणि कागद फिरत फिरत कुठेही जाऊ शकतो.

"तो कागद त्याइच्या हातात पडला असता, त कोनं देल्ली असती पोरगी?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"मले सांगतलं असतं."

"सांगतलं असतं त तू आयकलं असतं काय?"

प्रणालीनं कॅनचं झाकण घट्ट फिरवलं. पाणी तपासतात म्हणजे गावाची परीक्षा घेतात, एवढंच आईला समजलं होतं. तिनं गावाला पास करून दिलं. प्रयोगात आधी आणि नंतर असं काही असतं, आधीचा आकडा वेगळ्याच पाण्याचा राहून गेला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, प्रणालीनंसुद्धा नाही. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या भीतीपायी विहिरीचं पाणी लपवलं गेलं ती भीती अजून तिथे आहे.

खुशालराव मोटारसायकलवर कॅन बांधत होते. बाबा, तुम्हाले माहीत होतं काय, असं तिनं विचारलं. ते दोरीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधायला लागले. फाट्यावर त्यांनी कॅन गाडीत चढवून दिला.

अमरावतीत येऊन तिनं विहिरीचं ते पाणी नळीतून सोडून तपासलं. रंग उतरला. मग आईनं पाठवलेल्या जुन्या कॅनमधलं उरलेलं पाणी घेतलं आणि नळीत न सोडता, तसंच कच्चं तपासलं. रंग लालच राहिला. कोळशानं काहीच काढलं नव्हतं. काढायला काही नव्हतंच.

तिला पहिल्यांदा आठवल्या त्या शाळा. पिंप बसला असता, मास्तरांनी पोरांना सांगितलं असतं की आता हे पाणी शुद्ध झालं, आणि जी पोरं निदान नळाची वाट बघतात तीही विहिरीचं प्यायला लागली असती, तिचं नाव घेऊन.

दुसऱ्याच दिवशी ती सरांकडे गेली. सरांनी ऐकलं. तराजूच्या खोलीचं दार लोटून घेतलं. तिला वाटलं, आता ओरडतील.

"बरं केलं सांगतलं," ते म्हणाले. "पुन्हा कर सगळं. दरवेळी कच्चं पाणीही मोज, औषधाचं मी पाहातो. जे खरं येईन ते टाकू. अकोल्याले मी कळवतो."

त्या दिवशी तिनं सरांवर जेवढा विश्वास टाकला तेवढा घरच्या कुणावर त्यानंतर टाकला नाही. आईवरचा तर विहिरीवरच राहिला होता. फोन यायचे, ती बोलायची, जेवली काय, हो, झोपली काय, हो. बंडूच्या साखरपुड्याला ती गेली, नव्या वहिनीला ओवाळलं, विहिरीवर स्वतः कॅन भरला, संध्याकाळच्या गाडीनं परत आली. आईनं बांधून दिलेला लाडवांचा डबा गाडीतच राहिला. विसरला की ठेवला, ते तिलाच ठाऊक.

ती परत परत प्रयोग करत राहिली. ईशान सोबत होता. तो कुरकुरला नाही, सकाळी लवकर यायचा, नळ्या धुवायचा. खरे निकाल आले ते असे. कोळसा थोडं धरतो, पण खाऱ्या पाण्यातले बाकीचे क्षार त्याला दमवतात, आणि मग तो निकामी होतो. साध्या पाण्यात चालला असता असा कोळसा खारपाणात चालत नाही. हे तिनं नीट लिहिलं. कुठपर्यंत चालतो, कुठून चालत नाही, का चालत नसावा. यशाच्या पानांपेक्षा तिला ही पानं आवडली. ईशाननं वाचली आणि म्हणाला, "खारपाण, हे आधीपेक्षा भारी झालंय यार. फेल भी ढंग से हुए." ती हसली. त्या वेळी पंजा तोंडावर होता की नाही, त्यानं पाहिलं नाही.

फाइल बाइंडिंगला तोच घेऊन गेला, राजकमल चौकाजवळ. जाण्याआधी सरांना दाखवून सही घेतो म्हणाला. तिनं पेनड्राइव्ह दिला, छापलेली पानं दिली. प्रोजेक्ट संपला होता. त्या आठवड्यात ती मावशीकडे पहिल्यांदा दुपारची झोपली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळा धुतलेली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांसाठी कचोरी आणि बासुंदी आणली होती, ती त्यांच्यापुढे झाकून ठेवलेली. शांत, चष्मा लावलेले वयस्क गृहस्थ होते. टेबलावर काळ्या बाइंडिंगच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रती रचलेल्या. प्रणाली आणि ईशानला बोलावलं. दोघं स्टुलांवर बसले. धर्माळे सर परीक्षकांच्या शेजारी.

परीक्षकांनी त्यांची प्रत उघडली, पानं उलटली आणि एका आलेखावर थांबले. ती समोरच्या बाजूला बसलेली, आलेख तिला उलटा दिसत होता. उलटा असूनही तिनं ओळखला. वरून सरळ खाली कोसळणारी रेघ. अकोल्यात लावलेला तोच. त्यांनी पान उलटलं. पुढचं पानही जुनंच. तिनं ईशानकडे बघितलं. तो टेबलावरच्या ओरखड्याला नखानं घासत होता.

"सरांनी सांगितलं," तो ओठ न हलवता पुटपुटला. "अकोल्याला कळवलंच नाही त्यांनी. पेपर पण छापायला गेलाय म्हणे. मार्कांचं बघ ना."

परीक्षक मान हलवत होते. त्यांना काम आवडलं होतं. इतकं स्वच्छ काम या पातळीवर क्वचित दिसतं, असं ते सरांना म्हणाले. मग चष्मा वर सारून त्यांनी एक प्रश्न विचारला. कच्चं पाणी प्रत्येक वेळी मोजलं होतं ना.

प्रश्न दोघांना होता. उत्तर ईशाननं दिलं.

"हो सर. प्रत्येक वेळी."

प्रणालीनं धर्माळे सरांकडे बघितलं. ती वाट बघत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे बघावं, दार लोटून घेतलं होतं तेव्हासारखं, एवढीच वाट. सर परीक्षकांकडे वळले आणि वर्गातल्या मराठीत म्हणाले, "विद्यार्थिनी अत्यंत प्रामाणिक आहे. पाण्याचे नमुने तिच्या स्वतःच्या घरून येत असत."

परीक्षक हसले. त्यांच्या हसण्यात काही खोट नव्हती, त्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांनी बासुंदीची वाटी जरा बाजूला केली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि आजोबा नातीला विचारतात तसं तिला विचारलं.

"मग काय, आता गावातली पोरं हेच पाणी पिणार ना?"

खोलीत पंखा फिरत होता. हो म्हटलं असतं तर ती पास झाली असती, सर सुटले असते, ईशान सुटला असता, आईनं काय केलं तेही कुठे आलं नसतं. नाही म्हटलं असतं तर सगळं समजावून सांगावं लागलं असतं, त्यात आई आली असती, विहीर आली असती, बंडूचं लग्न आलं असतं, आणि शेजारी बसलेला हा मुलगा, जो सकाळी लवकर येऊन नळ्या धुवायचा. सरांचं बोट टेबलाखाली त्यांच्याच गुडघ्यावर वाजत होतं.

प्रणालीनं हात लांब करून परीक्षकांच्या समोरची ती काळी प्रत मिटली. त्यांनी अडवलं नाही, त्यांना वाटलं ती काही दाखवणार आहे. तिनं ती स्वतःकडे ओढली, उचलली, काखेत घेतली. स्टूल मागे सरकलं. सरांनी तिचं नाव घेतलं, आधी पूर्ण, मग नुसतं पोरी म्हणून. व्हरांड्यात पुढच्या जोडीची मुलं भिंतीला टेकून प्रश्न पाठ करत उभी होती, त्यांनी तिला वाट दिली, आणि ती त्यांच्यामधून निघून गेली.